गारफील्डचे ताशा-बिगुल पथक

बिगुल हे वाद्य मराठी श्रोत्यांना अनोळखी नाही. बेळगावात तर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्रच आहे आणि त्या रेजिमेंटच्या बोधचिन्हात बिगुलाला स्थान आहे. परंतु पहाटे शिपायांना जागे करणारे आणि रात्री दिवे मालवावयास सांगणारे हे वाद्य हाती घेऊन शंभर-दीडशे तरुणांनी मैदानावर कवायत करावी, कवायत करता करता बर्नस्टाइन आणि कोपलंड यांच्यासारख्या संगीतकारांच्या रचना वाजवाव्यात, आणि त्यात पहिले कोण येते यासाठी दर उन्हाळ्यात देशभर चुरस लागावी, हा प्रकार अमेरिकेचा. तेथे अशा पथकास ‘ड्रम अँड ब्यूगल कोअर’ म्हणतात. आपण त्यास ताशा-बिगुल पथक म्हणू. त्यांपैकी एकाची हकीकत आज सांगावयाची आहे. ते १९३४ साली एका लहानशा गिरणगावातील कॅथलिक धर्मग्रामात जन्मास आले, साऱ्या देशात अग्रेसर ठरले, आणि २०२४ च्या आरंभी, नव्वदाव्या वर्षी, बंद पडले. ते कसे वाढले हे सांगण्यात आनंद आहे. ते कसे मिटले हे सांगणे तितकेसे सुखाचे नाही. पण मुलांना शिकविण्याचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला तो भाग गाळता येणार नाही.

या पथकांचे मूळ पहिल्या महायुद्धात आहे. युद्ध संपून सैनिक घरी परतले आणि १९१९ साली त्यांनी ‘अमेरिकन लीजन’ ही आपली संघटना स्थापन केली. गावोगाव तिच्या शाखा निघाल्या. सैन्यात वापरलेले ढोल-ताशे आणि बिगुल स्वस्तात मिळत होते, पाऊल मिळवून चालण्याची सवय अंगात मुरलेली होती, आणि सवंगड्यांबरोबर पुन्हा एकदा रांगेत उभे राहावे अशी हौसही होती. शाखांनी आपापली पथके काढली. लीजनच्या वार्षिक अधिवेशनात त्यांच्या स्पर्धा होऊ लागल्या. काही वर्षांतच त्यांची मुले वयात आली आणि मोठ्यांच्या मागोमाग कुमारांची पथके उभी राहिली. बालवीर संघ, माजी सैनिकांच्या शाखा आणि ख्रिस्ती देवळे हे या कुमार पथकांचे तीन मुख्य आश्रयदाते. कॅथलिक धर्मग्रामांनी तर हे काम विशेष उत्साहाने अंगावर घेतले. शिकागोचे बिशप बर्नार्ड शील यांनी १९३० साली कॅथलिक युवक संघटना काढली, तिचा भर प्रथम मुष्टियुद्धासारख्या खेळांवर होता. परंतु पुढे याच संघटनेच्या नावाने ताशा-बिगुल पथकांच्याही मोठमोठ्या स्पर्धा भरू लागल्या.

न्यू जर्सी राज्यात पसेइक नदीच्या काठी गारफील्ड नावाचे गाव आहे. लोकरीच्या कापडाच्या गिरण्या हे त्या परिसराचे जीवन. पोलंड, इटली, स्लोव्हाकिया अशा देशांतून आलेली कुटुंबे तेथे राबत होती. १९२६ साली पगारकपातीवरून तेथील गिरण्यांत मोठा संप झाला. पंधरा हजारांवर कामगार रस्त्यावर आले आणि तो लढा वर्षाहून अधिक काळ चालला. त्या जखमा भरतात न भरतात तोच १९२९ ची मंदी आली. गिरणगावात मंदी म्हणजे काय, हे मुंबई-इंदूरच्या गिरण्या पाहिलेल्या मराठी माणसास समजावून सांगण्याची गरज नाही. बाप घरी बसलेला, थोरल्या मुलाला काम नाही, धाकट्यांना कोपऱ्यावरच्या टोळक्याखेरीज दुसरी संगत नाही. अशा दिवसांत, १९३४ साली, गारफील्डच्या ‘होली नेम’ म्हणजे पवित्र नाम देवळाने मुलांचे पथक काढले. त्याचे नाव ‘होली नेम कॅडेट्स’.

बिगुलच का, असा प्रश्न संगीताच्या जाणकारांना पडेल. याचे एक उत्तर स्वस्ताई हे आहे आणि दुसरे खुद्द त्या वाद्यातच आहे. साध्या बिगुलाला ना पडदे ना कळी. फुंकर आणि ओठांचा ताण यांवर जेवढे सूर निघतील तेवढे निघावयाचे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर त्यातून सा, ग आणि प हेच सूर वेगवेगळ्या सप्तकांत निघतात. मुलाला आठवडाभरात इशारतीचे सूर काढता येतात. परंतु एकट्या बिगुलावर साधे बालगीतही वाजत नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात या नळीस एक कळ जोडण्यास मान्यता मिळाली. ती दाबली की मूळ षड्जच खाली, मंद्र पंचमावर उतरतो, आणि त्या नव्या षड्जाचे सा-ग-प म्हणजे आपले प-नि-रे होतात. एका कळीने रे आणि नि हाती आले. म आणि ध यांची ओढाताण राहिलीच. तेव्हा या पथकांसाठी रचना बांधणाऱ्यांनी युक्ती काढली: जो सूर एकाला निघत नाही तो दुसऱ्या आकाराच्या बिगुलाला द्यावयाचा, आणि एक चाल चौघांत वाटून घ्यावयाची. आपला सूर नसेल तेथे थांबावयाचे आणि असेल तेथे चुकावयाचे नाही, अशी ही शिस्त. नुसत्या तीन सुरांचे ते वाद्य पुढे दोन कळींचे झाले, १९९० साली तीन कळींचे झाले, आणि २००० पासून कोणत्याही षड्जाची पितळी वाद्ये चालू लागली. म्हणजे आज त्या पथकांच्या नावात बिगुल आहे, हातात मात्र तो राहिलेला नाही.

स्पर्धेची रीतही सैनिकी होती. वाजविण्यापूर्वी गणवेशाची तपासणी व्हावयाची. बूट, बटणे, पट्टे, सर्व पाहिले जावयाचे. राष्ट्रध्वज पथकाबरोबर असे आणि त्याच्या मानापमानाचे कडक नियम असत. मैदान अमेरिकन फुटबॉलचे, शंभर यार्डांचे. गुण शंभरापैकी, पण ते मिळवावयाचे नसत, राखावयाचे असत. परीक्षक मुलांच्या रांगांतून हिंडत. कोणाचे पाऊल चुकले, कोणाचा सूर घसरला, ताशावरील दोन टिपऱ्यांत तिळभर अंतर पडले की हातातील फळ्यावरच्या कागदावर एक टिंब उमटे. एका टिंबास दशांश गुण कापला जाई. या पद्धतीचे अमेरिकन नाव ‘टिक’ असे आहे. आम्हा शिक्षकांची तांबडी शाई याच जातीची. या पद्धतीने मुले विलक्षण नेमकी झाली यात शंका नाही. पण ज्यात चूक होण्याची भीती आहे ते करूच नये, ही वृत्तीही तिनेच वाढविली, असे मला वाटते. कारण अवघड रचना घेऊन दहा चुका करणारापेक्षा सोपी घेऊन दोन चुका करणारा पुढे जावयाचा.

न्यू जर्सीत तेव्हा कॅथलिक पथकांची दाटी होती. बेयोन गावचे संत व्हिन्सेंट पथक आणि नेवार्क शहराचे ब्लेसेड सॅक्रामेंट देवळाचे ‘गोल्डन नाइट्स’ ही गारफील्डची जवळची आणि म्हणूनच कट्टर प्रतिस्पर्धी पथके. सीमेपलीकडे न्यूयॉर्कमध्ये, कनेटिकटमध्ये, बॉस्टनमध्ये संत रीटा, संत राफाएल, संत केव्हिन यांच्या नावांची पथके होती. शनिवारच्या सामन्याच्या जाहिरातीवर नजर टाकली तर संतांची नामावळीच वाचल्याचा भास व्हावा. १९४० साली होली नेमच्या मुलांनी लीजनचे राष्ट्रीय विजेतेपद पटकाविले. गिरणगावच्या त्या धर्मग्रामास तो दिवस केवढा वाटला असेल! लगोलग महायुद्धात अमेरिका उतरली. बिगुल वाजविण्याच्या वयाची मुले खऱ्या पलटणींत गेली आणि अमेरिकेतील बहुतेक पथकांच्या रांगा विरळ झाल्या. युद्धानंतर त्या पुन्हा भरल्या आणि १९५० च्या दशकात या कलेला जो बहर आला तसा तो पुन्हा आला नाही, असे जुनी माणसे म्हणतात. पथकांची संख्या पाहता ते खरेही आहे.

१९५८ साली गारफीलडकरांची आणि धर्मग्रामाची फारकत झाली. देवळाचा आश्रय सुटला. पथक मोडले नाही. त्याने ‘गारफील्ड कॅडेट्स’ असे गावाचे नाव घेतले आणि वेस्ट पॉइंटच्या सैनिकी विद्यालयाच्या धर्तीचा, किरमिजी व सोनेरी रंगांचा गणवेश चढविला. तोच पुढे त्यांची ओळख झाला. मौज अशी की, देवळाचे छत्र गेले तरी देवळाचे नाव पोरांनी सोडले नाही. ‘होली नेम’ हे शब्द त्यांच्या घोषवाक्यात शेवटपर्यंत राहिले. ज्यांनी गारफील्डचे देऊळ कधी डोळ्यांनी पाहिले नाही अशा पुढल्या पिढ्याही ते घोषवाक्य अभिमानाने उच्चारीत. आमच्याकडे घर सोडून परगावी गेलेली कुटुंबे कुलदेवतेचे नाव तेवढे सोबत नेतात, त्यातलाच हा प्रकार.

यानंतरची मोठी घटना १९७१–७२ ची. स्पर्धा भरविणाऱ्या माजी सैनिकांच्या संघटना आणि स्पर्धेत उतरणारी पथके यांच्यात बेबनाव झाला. पथकांची तक्रार अशी की, शेकडो मैलांचा प्रवास आम्ही पदरमोड करून करावयाचा, प्रेक्षक आमच्यामुळे जमावयाचे, आणि नियम मात्र आम्हांस न विचारता ठरावयाचे. बक्षिसाची रक्कम पहिल्या दोघा-तिघांच्या हाती पडे, बाकीचे रिकाम्या हातांनी परतत. शिकागोच्या कॅव्हलियर्स पथकाचे संस्थापक डॉन वॉरन आणि वायोमिंगच्या ट्रूपर्सचे जिम जोन्स यांच्या पुढाकाराने मध्य व पश्चिमेकडील पाच पथके एकत्र आली. पूर्वेकडे गारफील्ड कॅडेट्स, बॉस्टन क्रुसेडर्स आदी पथकांनी तसाच गट केला. या दोहोंतून ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही पथकांची स्वतःची संस्था निघाली. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा ऑगस्ट १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे झाली. ३९ पथके उतरली आणि कॅलिफोर्नियाचे अॅनाहाइम किंग्जमेन विजयी झाले.

हे स्वातंत्र्य पथकांनी मिळविले, पण ते सर्वांना परवडले नाही. नव्या व्यवस्थेत उन्हाळाभर बसगाड्यांतून देश पालथा घालणे भाग पडले. रात्री प्रवास, सकाळी एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर घटकाभर झोप, दिवसभर उन्हात सराव, संध्याकाळी सामना आणि पुन्हा बस. १९७३ मध्ये खनिज तेलाचे भाव भडकले आणि खर्चाचा मेळ बसेना. शिवाय गिरण्या उठू लागल्या, कामगारांची मुले शिकून उपनगरांत राहावयास गेली, धर्मग्राम ओस पडू लागले. संतांच्या नावांची पथके एकामागून एक मिटत गेली. त्यांची नोंदही फारशी कोणी ठेवली नाही. टिकली ती थोडी आणि मोठी. गारफील्ड टिकले, परंतु सत्तरीच्या दशकात ते पहिल्या मानकऱ्यांत नव्हते. १९७२ पासून १९८२ पर्यंतच्या अकरा विजेतेपदांपैकी दहा कॅलिफोर्नियाने नेली, एक विस्कॉन्सिनच्या मॅडिसन स्काउट्सने. पूर्व किनारा, जेथे ही कला जोपासली गेली, तो रिकाम्या हातांनी बघत राहिला.

तो दुष्काळ १९८३ साली मायामी येथे संपला. गारफील्ड कॅडेट्स विजयी झाले. हा विजय नुसता गुणांचा नव्हता. जॉर्ज झिंगाली या कल्पक माणसाने त्यांची कवायत रचली होती. तोवर मैदानावरची आकृती मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस सारखी असावी, डावीकडे जे तेच उजवीकडे, असा संकेत होता. रांगोळीतील ठिपक्यांसारखे सर्व जिथल्या तिथे. झिंगालीने रेषा वाकविल्या, तिरक्या केल्या, एका बाजूस दाटी तर दुसऱ्या बाजूस मोकळी जागा ठेवली, आणि एक आकृती पुरी होण्यापूर्वीच तिचे दुसरीत रूपांतर होईल अशी अखंड गती दिली. धावत्या पावलांनी असे करीत असता तोंडाशी वाद्य स्थिर धरून अवघड लयीची रचना वाजवावयाची! श्वास पुरवावा कोठून, हा प्रश्न ज्याने शाळेच्या मैदानावर साधे संचलन बसविले आहे त्याला पडल्याशिवाय राहणार नाही.

योगायोग असा की, त्याच हंगामानंतर टिंबांची पद्धत बंद झाली. १९८४ पासून परीक्षक चुका मोजण्याऐवजी रचना आणि सादरीकरण यांची पारख करून गुण देऊ लागले. भीतीचे ओझे उतरताच गारफील्डने बर्नस्टाइनच्या ‘वेस्ट साइड स्टोरी’वर आधारलेला कार्यक्रम केला आणि पुन्हा विजेतेपद मिळविले. १९८५ सालीही तेच पहिले. लागोपाठ तीन वर्षे हा मान त्यापूर्वी कोणास मिळाला नव्हता. १९८७ साली त्यांनी कोपलंडची ‘अॅपलेशियन स्प्रिंग’ ही रचना मैदानावर आणली आणि चौथे विजेतेपद घेतले. पुढे १९९०, १९९३, १९९८, २०००, २००५ आणि २०११ अशी सहा वर्षे आणखी त्यांच्या नावावर आहेत. २००० सालचा मान त्यांनी शिकागोच्या कॅव्हलियर्सबरोबर वाटून घेतला. एकूण दहा. या काळात गारफील्ड हे नावही गळाले. प्रथम बर्गन परगण्याचे कॅडेट्स आणि नंतर नुसते ‘द कॅडेट्स’. ठाणे न्यू जर्सीतून पेन्सिल्व्हेनियातील अॅलनटाउन येथे व पुढे ईरी येथे हलले. मुले देशाच्या कानाकोपऱ्यांतून, काही परदेशांतूनही येऊ लागली. बाविशीच्या आतील या मुलांनी एका उन्हाळ्यासाठी काही हजार डॉलर भरावयाचे. गिरणी कामगाराच्या पोराला फुकट मिळालेले बिगुल आता ऐपतीची गोष्ट झाले होते.

एप्रिल २०१८ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका दैनिकाने नऊ स्त्रियांच्या तक्रारी प्रसिद्ध केल्या. पथकाचा कारभार तीन दशकांहून अधिक काळ ज्यांच्या हाती होता त्या संचालकांनी लैंगिक अत्याचार व गैरवर्तन केल्याचे त्या स्त्रियांनी सांगितले होते, आणि त्या घटना सुमारे चाळीस वर्षांच्या अवधीत पसरलेल्या होत्या. संचालकांनी आरोप नाकारले व राजीनामा दिला. काही दिवसांतच नियामक मंडळही पायउतार झाले. नव्या माणसांनी कारभार हाती घेतला, नियम केले, पथक मैदानावर उतरतही राहिले. परंतु १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांतील, म्हणजे पथकाच्या वैभवकाळाच्या उंबरठ्यावरील, एका अत्याचाराबद्दल एका माजी सदस्य व्यक्तीने न्यायालयात दावा लावला. तो खटला आणि त्याचा खर्च पेलण्याची ताकद संस्थेत उरली नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये पथक बंद करून दिवाळखोरी जाहीर करण्याचा निर्णय झाला.

अनेक माजी कॅडेटांना फार दुःख झाले आणि ते खोटे नव्हे. परंतु ‘जुने उकरून काढले आणि चांगली संस्था बुडविली’ असे जेव्हा कोणी म्हणतो तेव्हा मला ते पटत नाही. एखाद्या तरुणीने इतकी वर्षे गप्प राहावे असे त्या व्यवस्थेत काय होते, हे प्रथम विचारले पाहिजे. जुन्या होली नेमच्या दिवसांत मूल सराव आटोपून रात्री घरी जात असे. बिगुलाचा आवाज आईच्या स्वयंपाकघरात ऐकू येत असे आणि शिकविणारा रविवारी देवळात त्याच्या बापाशेजारी बसलेला असे. पुढे तीच मुले घरापासून हजारो मैलांवर, महिनोन्‌महिने, बसगाडीत. कोणी वाजवावयाचे, कोणी घरी जावयाचे, कोणी शिकवावयाचे, हे सर्व मोजक्या माणसांच्या मर्जीवर. इतरांवर चुकीचे टिंब ठेवणारे परीक्षक मैदानावर डझनभर होते; वरच्या माणसाच्या अंगावर ते ठेवणारे कोणी नव्हते. तरीही जुने दिवस म्हणजे सुरक्षित दिवस, असे म्हणण्यास मी धजत नाही. देवळाच्या छायेतही काय घडले होते ते २००२ साली बॉस्टनच्या वृत्तपत्राने उघड केले आहे, आणि आम्हा कॅथलिकांना ते वाचून मान खाली घालावी लागली आहे. धर्मग्राम जवळ असणे पुरेसे नव्हते. मुलाचे म्हणणे ऐकून घेणारा, आणि वरिष्ठास न भिणारा, असा कोणी जवळ असावयास हवा होता. २०१८ नंतर इतर पथकांत तक्रारीची सोय, कर्मचाऱ्यांची पूर्वचौकशी, वागणुकीचे लेखी नियम यांवर भर वाढला. ते पूर्वीच व्हावयास हवे होते.

कॅडेट्सच्या शेवटाने ही कला संपलेली नाही. बॉस्टन क्रुसेडर्सचे नाव वर येऊन गेले आहे. तेही एका धर्मग्रामाचेच अपत्य. १९४० साली बॉस्टनच्या हाइड पार्क भागातील ‘मोस्ट प्रेशस ब्लड’ देवळात निघालेले. १९७१ साली गारफील्डच्या खांद्याला खांदा लावून ते माजी सैनिकांच्या संघटनांविरुद्ध उभे राहिले, ड्रम कोअर इंटरनॅशनलच्या स्थापनेत सामील झाले, आणि नंतर दशकानुदशके मागल्या बाकावर बसून राहिले. पहिली पंचवीस वर्षे तर त्यांना अंतिम फेरीच्या बारा पथकांतही जागा मिळाली नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये इंडियानापोलिस येथे त्यांनी आपले पहिले विजेतेपद मिळविले. १९७१ च्या पूर्वेकडील गटातील इतर पथकांपैकी त्या रात्री मैदानावर कोणीही नव्हते.